मशीन नंतर, आधी बरणी: तीन रुग्णालयांचं एक कर्करोग केंद्र उभं करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या पूर्व उपनगरांतली तीन धर्मादाय रुग्णालयं आणि एक विज्ञान महाविद्यालय मिळून कर्करोगावर उपचार आणि संशोधन करणारं सामायिक केंद्र काढणार आहेत. एका दात्याने रेडिएशनच्या मशीनसाठी पैसे देऊ केले आहेत, जागा बघून झाली आहे, करारावर सह्या व्हायच्या आहेत. त्यातल्या एका रुग्णालयातले तोंड-घशाचे तरुण सर्जन विचारतात: सुरुवात कुठून करू, मशीन कोणतं घेऊ, संशोधन विभाग कधी सुरू करू, आणि तीन संस्थांचा मेळ कसा बसवू?

डॉक्टर, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. २८ वर्षं मुंबईत कर्करोगाच्याच स्लाइड बघते आहे, आणि त्यातली १२ वर्षं अशाच एका सामायिक उपक्रमात गेली. त्यामुळे माझं उत्तर पॅथॉलॉजिस्टचं असणार हे धरूनच वाचा. पण माझ्या रेडिएशनवाल्या आणि केमोवाल्या सहकाऱ्यांना विचारलंत तरी ते फार वेगळं सांगतील असं मला वाटत नाही. करारावर सह्या व्हायच्या आधी एकच गोष्ट ठरवा: रुग्णाच्या गाठीचा तुकडा ऑपरेशन थिएटरमधून निघून माझ्यासारख्या माणसाच्या मायक्रोस्कोपखाली कसा पोचणार, आणि तिथून जे लिहिलं जाईल ते तिन्ही रुग्णालयांत एकाच वेळी कसं दिसणार. मशीन, इमारत, संशोधन हे सगळं या रस्त्यावर उभं राहतं.

मी हे का म्हणते ते सांगते. एका सोमवारी सकाळी आमच्या काउंटरवर साठीचे एक काका आले. कल्याणहून लोकलने आले होते. हातात वाण्याची कापडी पिशवी, तिच्यात श्रीखंडाचा एक किलोचा डबा, आणि डब्यात त्यांच्या बायकोचं शुक्रवारी दुपारी काढलेलं स्तन. डबा लहान, म्हणून आतला भाग दाबून बसवलेला. तुकडा सडू न देणारं औषधी पाणी, म्हणजे फॉर्मलिन, तळाला दोन बोटं. नाव झाकणावर बॉलपेनने लिहिलेलं, निम्मं पुसलेलं. नमुना कापून बघायच्या टेबलावर (त्याला आम्ही ग्रॉसिंग म्हणतो) मी सुरी चालवली तेव्हा बाहेरचा भाग घट्ट झाला होता आणि आतली गाठ मऊ पडून वास मारत होती. फॉर्मलिन आत पोचलंच नव्हतं. तीन दिवस ती गाठ सडत होती.

हॉर्मोन रिसेप्टर म्हणजे हॉर्मोन पकडणारी गाठीच्या पेशींतली प्रथिनं; ती असतील तर हॉर्मोन रोखणारी गोळी लागू पडते. अशा सडलेल्या गाठीवर त्यांची तपासणी केली तर ती खोटीच निगेटिव्ह येऊ शकते. गाठीत रिसेप्टर असले तरी ते टिकलेले नसतात. तशीच निगेटिव्ह आली. मी रिपोर्ट थांबवला आणि त्यांच्या मुलाला आधीच्या बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, शोधून आणायला लावला. तो ठाण्याच्या एका लॅबमध्ये होता. कुणी म्हणे दिला, कुणी म्हणे नाही, शेवटी नवव्या दिवशी हातात आला. त्यावर तपासणी केली तर रिसेप्टर ठणठणीत पॉझिटिव्ह. म्हणजे त्या बाईंना पुढची पाच-दहा वर्षं रोज एक स्वस्त गोळी घेऊन आजार परतण्याचा धोका बराच कमी करता येणार होता. पहिल्या रिपोर्टवर सही करून मोकळी झाले असते तर ती गोळी त्यांना कधीच मिळाली नसती. काउंटरवर काकांनी मला विचारलं होतं, "मॅडम, माझ्याकडून गाडीत काही सांडलं का?" त्यांच्याकडून काहीच सांडलं नव्हतं. चूक ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथे, पहिल्या तासात झाली होती.

तेव्हा तिन्ही रुग्णालयांनी एकत्र करायचं पहिलं काम म्हणजे बरणी. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण मी पूर्ण विचार करून सांगते आहे. तिन्ही थिएटरांत एकाच प्रकारच्या, तीन-चार मापांच्या, रुंद तोंडाच्या बरण्या. आधीच भरलेलं १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, तुकड्याच्या किमान दहापट. लेबल झाकणावर नको, बरणीच्या अंगावर हवं, कारण झाकणं बदलतात. लेबलवर दोन वेळा लिहायच्या: तुकडा शरीराबाहेर कधी आला आणि फॉर्मलिनमध्ये कधी गेला. या दोन वेळांत तासाभरापेक्षा जास्त अंतर नको. मोठा नमुना असेल तर टाक्यांनी दिशा दाखवून, त्याला काप देऊन मगच बुडवायचा, आणि हे कुणी करायचं ते नावानिशी ठरलेलं हवं. स्तनाचे नमुने कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास फॉर्मलिनमध्ये राहिले पाहिजेत, म्हणजे शुक्रवारच्या आणि सणाच्या आदल्या दिवशीच्या ऑपरेशनांचं काय करायचं याचाही विचार आलाच. बरण्या नेणारा पगारी माणूस केंद्राचा असावा. नातेवाइकाच्या हातात बरणी देणं ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी तुमचं केंद्र सुरू झालं असं मी मानेन, मग इमारतीचा पाया खणलेला असो वा नसो.

पॅथॉलॉजी लॅब एकच ठेवा. तीन रुग्णालयांच्या तीन लॅब चालू ठेवून "समन्वय" करायचा मोह होईल, कारण कुणालाच दुखवायचं नसतं. पण तीन ठिकाणी तीन पद्धतीने लिहिलेले रिपोर्ट एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. जिभेच्या कॅन्सरमध्ये गाठ किती मिलिमीटर खोल गेली आहे हे एकाने लिहिलं, दुसऱ्याने लिहिलंच नाही, तर मानेतल्या लसिका ग्रंथी काढायच्या का, हा निर्णय कशावर घ्याल? रिपोर्टचा नमुना ठरवून घ्या, प्रत्येक अवयवासाठी एक, रकाने रिकामे सोडता येणार नाहीत असा. ब्लॉक आणि स्लाइड कुठे, किती वर्षं, कुठल्या क्रमांकाने ठेवणार हेही त्याच दिवशी लिहून काढा. चांगले हिस्टोटेक्निशियन, म्हणजे तुकड्यांच्या स्लाइड बनवणारे तंत्रज्ञ, शोधा आणि त्यांना टिकवा. मायक्रोटोमवर, म्हणजे ब्लॉकचे पातळ काप काढायच्या यंत्रावर, सुरकुती न पडता कापांची रिबिन काढणारा माणूस तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तो पाच हजार रुपये जास्त मिळाले की शेजारच्या कॉर्पोरेट रुग्णालयात जातो.

आता दुसरी गोष्ट, जॉइंट क्लिनिक: सगळ्या विभागांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून एकेका रुग्णाचा उपचार ठरवायचा. ट्यूमर बोर्ड म्हणा हवं तर. यावर सगळे मान डोलावतात आणि फार थोडे ते नेमाने चालवतात. आमच्याकडे मंगळवारी दुपारी दोनला बसायचो. त्यातली एक केस सांगते. भांडुपचे एक रिक्षाचालक, ५२ वर्षांचे, गालाच्या आतल्या बाजूला गाठ, तंबाखू-चुना वीस-पंचवीस वर्षं. सर्जन म्हणाले, पुढच्या गुरुवारी ऑपरेशनला घेतो. सीटी पडद्यावर होता, शेजारी माझी स्लाइड. रेडिएशनच्या डॉक्टर म्हणाल्या, यांना नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, लागणारच, आणि तो ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा, माझ्याकडे तारीख आत्ताच धरून ठेवा. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, खालच्या चार दाढा किडलेल्या, हे दंतवैद्यांनी सांगितलं. त्या रेडिएशननंतर काढायला गेलं तर जबड्याचं हाड कुजू शकतं, म्हणून ऑपरेशनच्या टेबलावरच काढायच्या असं ठरलं. शेवटी मेडिकल सोशल वर्कर बोलल्या. आधार कार्डावर आणि रेशन कार्डावर आडनाव वेगळं लिहिलंय, जन आरोग्य योजनेची मंजुरी गुरुवारपर्यंत येणार नाही, आणि मंजुरीशिवाय भरती झाले तर घरातलं मंगळसूत्र गहाण पडेल. ऑपरेशन सोमवारवर गेलं, मधल्या दिवसांत कागद दुरुस्त झाले. या सगळ्याला ११ मिनिटं लागली. हेच पाच जण पाच ओपीडींत वेगवेगळे बसले असते तर त्या माणसाचे महिना-दीड महिना नुसत्या फेऱ्यांत गेले असते, आणि तोंडाची गाठ दीड महिना थांबत नाही.

जॉइंट क्लिनिकचे नियम मी अनुभवातून सांगते. सर्वांत ज्युनियर डॉक्टरने आधी बोलायचं, कारण सर बोलले की बाकीचे गप्प होतात. निर्णय तिथेच टाइप व्हायचा आणि रुग्णाच्या फाइलमध्ये जायचा. पुढे कुणी तो बदलला तर का बदलला हे एका ओळीत लिहायचं. हा बदलांचा रकाना सांभाळा. वर्षभराने तो चाळलात की तुमचं केंद्र कुठे अडतं ते स्वच्छ दिसेल: केमोची तारीख मिळत नाही म्हणून, रक्त नाही म्हणून, रुग्ण गावी निघून गेला म्हणून. संशोधन विभाग कधी सुरू करू, असं तुम्ही विचारता. हा रकाना भरायला लागलात की तो सुरू झालाच.

एक रुग्ण, एक क्रमांक. तिन्ही रुग्णालयांत तोच. सॉफ्टवेअर महाग आहे की स्वस्त याने फरक पडत नाही, पण एकाच बाईंचे तीन क्रमांक असतील तर त्या जिवंत आहेत की नाहीत हेही तुम्हाला कळणार नाही. या शहराला मोजदादीची सवय जुनी आहे. डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली, देशातली लोकसंख्येवर आधारलेली, म्हणजे एका रुग्णालयापुरती नसून सगळ्या शहराची, ती पहिली. तिच्या माणसांनी वर्षानुवर्षं रुग्णालयांच्या रेकॉर्ड रूममध्ये बसून, मृत्यूच्या दाखल्यांशी पडताळून नोंदी केल्या. तुमच्या केंद्रात पाठपुराव्याला दोन माणसं ठेवा, ज्यांचं काम फक्त फोन करणं आणि गरज पडली तर घरी जाणं. वस्तीतल्या, मराठी-हिंदी दोन्ही सफाईने बोलणाऱ्या मुली या कामात फार चांगल्या असतात. रुग्णाने पत्ता बदलला की फोन बंद, म्हणून पहिल्याच दिवशी तीन नंबर घ्यायचे, त्यातला एक गावाकडचा.

संशोधनाबद्दल आता जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त भाबडेपणा मला तिथे दिसला. तुम्ही जीनोम सिक्वेन्सिंगचं, म्हणजे गाठीचा डीएनए वाचणारं, मशीन घ्यायचं म्हणता, कारण महाविद्यालयाला त्यात रस आहे. थोडं मागे जाऊ या. १९४५ साली खानोलकर आणि सूर्याबाई यांनी एक निबंध छापला, लोकांच्या सवयी आणि कर्करोग यांच्या नात्याविषयी. त्यात धोतराच्या कर्करोगाचं वर्णन आहे: कमरेला धोतर वर्षानुवर्षं घट्ट कसल्याने जिथे कातडी सतत घासली जाते तिथे होणारा कर्करोग. हा शोध लागायला मायक्रोस्कोप लागला आणि एक साधा प्रश्न लागला, धोतर कुठे बांधता? डॉ. वसंत रामजी खानोलकर पॅथॉलॉजिस्ट होते. स्लाइडवरून नजर उचलून रुग्णाच्या कमरेकडे बघण्याची त्यांची ही सवय आमच्या पिढीने शिकायला हवी होती तेवढी शिकली नाही.

परळची पुढची गोष्टही तुमच्या उपयोगाची आहे. टाटा मेमोरिअल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं. संशोधनाची संस्था १९५२ साली निघाली, खानोलकर तिचे पहिले संचालक. १९६२ मध्ये रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे गेलं आणि १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र होऊन टाटा मेमोरिअल सेंटर झालं. उपचार आणि संशोधन एका छताखाली यायला इतक्या मोठ्या माणसांनाही १४ वर्षं लागली. तुम्ही पहिल्या वर्षीच सगळं जुळायला हवं म्हणून कासावीस होऊ नका. नंतर २००२ साली संशोधन संस्था खारघरला ६० एकरांच्या आवारात गेली. जागा मिळाली, पण परळहून तिथे जायचं म्हणजे रस्त्याने तास-दीड तास. तिथे संशोधनाबरोबर उपचाराचीही व्यवस्था उभी केली गेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शास्त्रज्ञाच्या डोळ्यांसमोरून रुग्ण गेले पाहिजेत. तुमच्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा दोन स्टेशनं लांब असेल तर आठवड्यातला एक दिवस त्यांच्या माणसांना जॉइंट क्लिनिकमध्ये बसवा, मागच्या रांगेत का होईना.

मुंबईतल्या ज्या कामांनी जगातले डॉक्टर वळून बघायला लागले, ती कुठल्या प्रश्नांतून निघाली ते बघा. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांमध्ये १९९८ पासून एक अभ्यास चालला. दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं, आणि त्यांनी गर्भाशयाच्या मुखाला पातळ व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी केली. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुमच्याच विषयातला २०१५ चा निकाल तुम्हाला माहीत आहेच: तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मानेतल्या लसिका ग्रंथी लगेच काढाव्यात की वाट पाहावी? लगेच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. हा वाद जगभर अनेक दशकं चालू होता. तो इथे सुटला, कारण तोंडाचे रुग्ण इथे रोज येतात आणि दोन्ही बाजूंच्या सर्जननी आपापला हट्ट बाजूला ठेवून कुणाला कोणता उपचार द्यायचा ते चिठ्ठी टाकून ठरवायची तयारी दाखवली. स्तनाच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती लिग्नोकेनचं साधं इंजेक्शन देऊन सात-दहा मिनिटं थांबायचं, एवढंच तपासणाऱ्या अभ्यासात ११ केंद्रं आणि १६०० बायका होत्या. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. भूल देण्याचं रोजचं औषध, किंमत अगदी किरकोळ. आणि निव्होलुमॅब हे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडणारं महागडं औषध नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, फक्त २० मिलिग्रॅम, डोक्या-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात साध्या औषधांच्या जोडीला दिलं, तर वर्षभराने जिवंत असलेले १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्के झाले.

या चारही कामांत एकही मोठं मशीन नाही. प्रत्येक प्रश्न ओपीडीतल्या अडचणीतून आला: पैसे नाहीत, तपासायला डॉक्टर नाहीत, रुग्ण पुन्हा येईल की नाही याची खात्री नाही. तुमच्या तीन रुग्णालयांना मिळून वर्षाला तोंडाचे जितके रुग्ण दिसतात, तितके युरोपातल्या बऱ्याच केंद्रांना दिसत नसतील. तेव्हा महाविद्यालयाकडून पहिल्यांदा सिक्वेन्सर मागू नका, एक चांगला संख्याशास्त्राचा प्राध्यापक मागा. नमुना किती मोठा हवा, चिठ्ठ्या कशा टाकायच्या, हे रुग्ण घ्यायच्या आधी सांगणारा माणूस. त्यांच्या विद्यार्थ्यांना नोंदी भरायला, डीएनए काढायला, उणे ८० अंशांच्या फ्रीजरची वही सांभाळायला शिकवा. सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेता येतं. चांगला जपलेला तुकडा बाहेरून आणता येत नाही.

पुढे मोठं काही करायचंच असेल तर त्याचंही उदाहरण या शहरात आहे. रक्ताच्या कर्करोगासाठी रुग्णाच्याच टी-पेशी बदलून त्याला परत देण्याचा कार-टी उपचार पवईच्या आयआयटीतल्या शास्त्रज्ञांनी आणि टाटाच्या डॉक्टरांनी मिळून तयार केला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तो देशाला दिला गेला. बातमीत समारंभ दिसतो. त्याआधी कित्येक वर्षं पेशी वाढवणारे लोक आणि वॉर्डातले लोक एकमेकांचे शब्द शिकत होते.

संमतीपत्राबद्दल एक कळकळीची विनंती. संशोधनासाठी गाठीचा भाग ठेवू का, हा प्रश्न थिएटरच्या दारात, हिरवा गाऊन घातलेल्या माणसाला विचारू नका. ओपीडीत, नातेवाइकांसमोर, त्याच्या भाषेत, उपचाराच्या संमतीपासून वेगळ्या कागदावर विचारा, आणि नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही हे आधी सांगा. नीट सांगितलं की बहुतेक लोक हो म्हणतात. "माझ्यामुळे पुढच्याचं भलं होत असेल तर घ्या," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की नकाराची भीती मला वाटेनाशी झाली. संशोधनाला परवानगी देणारी नैतिकता समिती तिन्ही संस्थांची मिळून एक करता आली तर उत्तम. नियमाप्रमाणे किमान सात सदस्य, अध्यक्ष बाहेरचा, निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे. त्यात वस्तीतली एक बोलकी बाई नक्की घ्या. आमच्या समितीत सगळ्यात अवघड प्रश्न अशाच एक ताई विचारायच्या.

मेळ कसा बसवायचा, हा तुमचा खरा प्रश्न. करारात दृष्टी, ध्येय वगैरे पानं असतीलच. पण भांडणं पैशावरून आणि नावावरून होतात, म्हणून त्यांचं आधी लिहा. आमच्या उपक्रमात दुसऱ्या वर्षी एका भागीदार रुग्णालयातून केस येणं हळूहळू थांबलं. तीन महिने कुणी काही बोललं नाही. मग कळलं की रेडिएशनचं उत्पन्न दुसऱ्या रुग्णालयाला जातं, म्हणून रुग्ण जॉइंट क्लिनिकला न आणता परस्पर तिसरीकडे पाठवले जात होते. त्या रुग्णांपैकी काही जण उशिरा आमच्याकडे आलेच, आजार पसरल्यावर. मला आजही त्याचा राग येतो. त्यानंतर आम्ही जॉइंट क्लिनिकची वेगळी फी ठेवली, ती सगळ्या सहभागी विभागांत वाटली जायची, आणि रेडिएशनच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग सामायिक खात्यात. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, पण पहिला रुग्ण यायच्या आधी. तसंच नावांचं. अभ्यास कुणी सुचवला, रुग्ण कुणी दिले, विश्लेषण कुणी केलं, त्याप्रमाणे लेखात नावांचा क्रम कसा लागणार हे अभ्यास सुरू होतानाच कागदावर हवं. महाविद्यालयाच्या मुलींचं काम आणि डॉक्टरांचं नाव, असं एकदा झालं तर दुसऱ्या वर्षी त्या येणार नाहीत, आणि येऊही नये.

मशीनबद्दल थोडक्यात, कारण इथे चांगला मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे किरणांची मात्रा मोजून ठरवणारा तज्ज्ञ, माझ्यापेक्षा जास्त सांगेल. तो मशीनच्या आधी नेमा. अणुऊर्जा नियामक मंडळाची मंजुरी जागेपासूनच सुरू होते, मशीनच्या खोलीच्या मुख्य भिंती दोन-अडीच मीटर काँक्रीटच्या लागतात, आणि खाडीजवळच्या जमिनीत तळघर काढायचं तर पावसाळ्यातल्या पाण्याचा विचार आराखड्यातच हवा. दात्याने मशीनचे पैसे दिले म्हणजे दुरुस्तीच्या वार्षिक कराराचे दिले असं होत नाही. दात्याशी हे प्रेमाने पण स्पष्ट बोला. मशीन आठवडाभर बंद पडलं तर ज्यांचे शेक अर्ध्यावर आहेत ते कुठे जाणार, हे शेजारच्या केंद्राशी लेखी ठरवा. औषधांसाठी नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये सामील व्हा. २०१२ मध्ये सुरू झालेल्या या जाळ्यात आता देशातली ३०० हून अधिक केंद्रं आहेत आणि त्यांतल्या अनेकांनी मिळून एकत्र औषधखरेदी करून किमती खूप खाली आणल्या आहेत. एकट्या रुग्णालयाला तो भाव कंपनी कधीच देणार नाही.

राहण्याच्या सोयीबद्दल मात्र मला थोडक्यात लिहिता येणार नाही. तुमच्या आराखड्यात धर्मशाळा हा शब्दच नाही. रेडिएशन म्हणजे बहुधा आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे. जळगावहून, रत्नागिरीहून आलेला माणूस मुंबईत सात आठवडे कुठे राहणार? परळला टाटासमोरच्या फुटपाथवर प्लास्टिक अंथरून, नाकातल्या नळीने दूध घेणारी माणसं तुम्ही पाहिली आहेत. दादरला गाडगे महाराजांच्या नावाने धर्मशाळा आहे, कॉटन ग्रीनला कर्करोगाच्या मुलांसाठी घरं आहेत, आणि तरीही लोक फुटपाथवर असतात. उपचार अर्ध्यावर सोडून गेलेल्यांची यादी मी एकदा आमच्या सोशल वर्करबरोबर बसून काढली. औषधाचा त्रास झाला म्हणून गेलेले थोडे होते. राहायला जागा नाही, सोबतच्या माणसाचा खाडा होतो, पेरणी आली, मुलीची परीक्षा आली, म्हणून गेलेले बहुतेक. इमारतीचा एक मजला राहण्यासाठी ठेवा, स्वयंपाकाच्या ओट्यासकट. ज्याला नळीतून पातळ जेवण द्यायचं आहे त्याच्या बायकोला मिक्सर लागतो. दात्याला मशीनवर नाव हवं असेल तर द्या, आणि त्याच दात्याला एकदा रात्री दहा वाजता परळच्या त्या फुटपाथवरून चालत घेऊन जा.

दुखणं कमी करणाऱ्या उपचारांचा विभाग पहिल्या दिवसापासून हवा, शेवटच्या अवस्थेसाठी राखून ठेवलेला नको. मॉर्फिनच्या गोळ्या ठेवण्याचे नियम २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर सोपे झाले आहेत, त्यासाठीची मान्यता मिळवा. वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून हे काम करतं आहे. तुमच्या नर्सना तिथे काही दिवस नुसतं बघायला पाठवता आलं तर पाठवा.

तुम्ही पुढच्या महिन्यात तिन्ही रुग्णालयांच्या विश्वस्तांची बैठक घेणार आहात. त्यात आराखडा दाखवायच्या आधी तीन गोष्टींना मंजुरी मागा: एकाच प्रकारच्या बरण्या आणि त्या नेणारा माणूस, आठवड्यातून एका दुपारी दोन तास प्रत्येक विभागाचा एक डॉक्टर, आणि सामायिक क्रमांक. यांना नवी इमारत लागत नाही, हे सगळं पुढच्या सोमवारी सुरू होऊ शकतं. सहा महिने हे चालवून बघा. त्या सहा महिन्यांच्या नोंदींवरून किती मशीनं, किती खाटा, किती खोल्या लागतील ते कुठल्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा नेमकं कळेल.

ग्रॉसिंगचा आमचा तक्ता आणि जॉइंट क्लिनिकचा कोरा फॉर्म मी पाठवते, दोन्ही मराठीतही केलेले आहेत. पहिलं जॉइंट क्लिनिक ठरलं की कळवा. मंगळवार दुपार असेल तर मी येते, तोंडाच्या दहा केसच्या स्लाइड काढून ठेवा.